‘ऐच्छिक’ फॉर्म आणि रोल नंबरचा लाल स्टार

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका पदवी महाविद्यालयातलं. कॉलेज, विभाग आणि वर्ष सांगत नाही, आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून काही आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र होते तसेच ठेवलेत. हे घडलं तेव्हा मी दुसऱ्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर (माणसांवरचं संशोधन नीतीला धरून होतंय का, हे तपासणारी समिती) समाजशास्त्राची प्रतिनिधी होते. त्यामुळे पुढे ज्या चुकांबद्दल लिहिलंय, त्यांतल्या एकीत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

संशोधक म्हणजे त्या कॉलेजातलेच एक साहाय्यक प्राध्यापक. त्यांना नुसतं ‘सर’ म्हणू. पीएचडीचं चौथं वर्ष, गाइडचा तगादा आणि पदोन्नतीसाठी लागणारे शोधनिबंध, असं तिहेरी ओझं होतं. विषय चांगला निवडला होता: रात्रीचा मोबाइल, झोप आणि विद्यार्थ्यांची उदासी. सर विद्यार्थिप्रिय होते. मुलं त्यांच्याकडे घरची भांडणंसुद्धा घेऊन येत. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं वाचून ते कुणी खडूस किंवा स्वार्थी असतील असं वाटेल. तसे ते अजिबात नव्हते.

साधनं नेहमीचीच होती. झोपेसाठी पिट्सबर्गची प्रश्नावली (१९८९ पासून वापरात आहे, गुण ० ते २१, पाचाच्या वर गेलात तर झोप बरी नाही) आणि उदासीसाठी पीएचक्यू-९. दुसरीत नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत काय वाटलं ते विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पण त्यातला नववा प्रश्न जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे सरळ विचारतो. तो लक्षात ठेवा.

नमुना कुठून आणायचा? आपल्याच वर्गांतून. ही खोड जगभरची आहे. मानसशास्त्राचं संशोधन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरांवरच उभं आहे, अशी टीका मानसशास्त्रज्ञ डेव्हिड सीअर्स यांनी १९८६ मध्येच केली होती. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच गोष्ट आणखी ठासून मांडली: मूठभर श्रीमंत, शिकलेल्या, पाश्चात्त्य समाजांतल्या माणसांवरून आपण साऱ्या मानवजातीबद्दल बोलतो. आमच्या भागातली पोरं पाश्चात्त्य नाहीत, पण हाताशी असतात म्हणून घेतली जातात, हे तिथल्यासारखंच.

बरं, ही हाताशी असलेली मुलं कोण? कुणी ठाणे, कळवा, दिघ्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणारं, कुणी महाप्याला नाइट शिफ्ट करून थेट पहिल्या लेक्चरला बसणारं. एक मुलगा पहाटे तीनला वडिलांबरोबर तुर्भ्याच्या भाजी मार्केटात गाळ्यावर उभा असायचा. त्याचा झोपेचा गुण अर्थातच वाईट आला. तो मोबाइलच्या खात्यात मांडला जाणार होता.

कॉलेजच्या संशोधन समितीने प्रस्ताव पास केला होता. त्या समितीने विषय, उद्दिष्टं आणि संदर्भ पाहिले. विद्यार्थ्यांना कोण विचारणार, कधी, कसं, हा रकानाच त्यांच्या फॉर्मात नव्हता. आर्ट्स-कॉमर्सच्या पुष्कळ कॉलेजांत एथिक्स कमिटी ही मेडिकलवाल्यांची भानगड समजली जाते.

काय बिघडलं

जुलैत सरांनी लेक्चरच्या शेवटी गूगल फॉर्मची लिंक दिली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: ‘सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे.’ त्याच पानावर नाव आणि रोल नंबर या दोन रकान्यांपुढे लाल स्टार होता. भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. रोल नंबर कशाला हवा होता, हे मी नंतर विचारलं. सर म्हणाले, “डबल एन्ट्री होऊ नये म्हणून. आणि सवय हो, आम्ही सगळ्याच फॉर्मात घालतो.”

सर वर्गाला एवढंच म्हणाले होते की, “भरलात तर मला मदत होईल, जबरदस्ती नाही.” शब्द योग्यच होते. पण त्यानंतर लगेच हजेरी झाली. पंचाहत्तर टक्क्यांच्या हजेरीची धास्ती कुठल्या विद्यार्थ्याला नसते? अंतर्गत मूल्यमापनात ‘वर्गातला सक्रिय सहभाग’ या नावाखाली जे गुण असतात, तेही सरांच्याच हातात होते. दोन्ही गोष्टी फॉर्मशी जोडल्यात असं कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

पुढचं काम सी.आर.ने, म्हणजे वर्गप्रतिनिधीने, केलं. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली: ‘खालील रोल नंबर्सनी अजून फॉर्म भरलेला नाही. आज रात्रीपर्यंत भरा, उद्या सरांना लिस्ट द्यायची आहे.’ सरांनी लिस्ट मागितलीच नव्हती. सी.आर.ने आपणहून, उत्साहाने केलं होतं. सरांनी ग्रुपवर ते वाचलं आणि अंगठा दाखवला. त्यांच्या लेखी तो आभाराचा अंगठा होता. मुलांनी त्याचा काय अर्थ लावला असेल, तो लावला.

सहकाऱ्यांनीही आपापल्या वर्गांत लिंक पाठवली. आठवड्यात २१४ फॉर्म जमले. त्यांतले ३१ जण अठरा वर्षांच्या आतले होते. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बारावी होऊन जूनमध्ये एफ.वाय.ला आलेलं मूल बऱ्याचदा सतरा वर्षांचं असतं. डिग्री कॉलेज म्हणजे सज्ञान, असं आपण धरून चालतो. अशा मुलांबाबत पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. इथे एकही नव्हता.

नवव्या प्रश्नाचं उत्तर

सरांनी उत्तरांची शीट उघडली ती अकराव्या दिवशी. तोवर ते पेपर तपासत होते. प्रश्नावली दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि ती उत्तरं जवळजवळ तितकाच काळ कुणी न वाचता पडून होती.

नवव्या प्रश्नाला १९ जणांनी शून्याखेरीज काहीतरी उत्तर दिलं होतं. तिघांनी लिहिलं होतं, जवळजवळ रोज.

इथे सरांनी जे केलं ते मला आजही बरोबर वाटतं. शीट बंद करून गप्प बसणं सोपं होतं, तसं बसणारे असतात. सरांनी त्याच दुपारी एका समुपदेशक मैत्रिणीला फोन केला. ती आमच्या कमिटीवर होती. अशा रीतीने प्रकरण आमच्याकडे आलं.

पहिला निर्णय काही तासांत घ्यायचा होता. या तिघांशी कोण बोलणार? सरांनी स्वतः बोलायचं, तर ज्याच्या हातात गुण आहेत त्याला आपल्या मनातलं सगळ्यात खोल ठाऊक झालंय, हे त्या मुलांना कळणार. प्राचार्यांनी बोलवायचं, तर मूल आधीच घाबरणार. घरी कळवायचं, तर घरच कारण असेल तर? एक सदस्य म्हणाले, सगळ्या वर्गाला सरसकट हेल्पलाइनचा मेसेज टाका, कुणाला वेगळं काढू नका. पण रोज मरणाचा विचार येतो असं लिहिणाऱ्याला सरसकट मेसेज पाठवून आपण झोपायला जायचं, हे कुणालाच पटेना.

शेवटी समुपदेशक बाईंनी तिघांना स्वतःच्या नंबरवरून फोन करावा, त्या कॉलेजच्या कर्मचारी नाहीत हे आधी सांगावं आणि कशावरून फोन केला तेही न लपवता सांगावं, असं ठरलं. नऊ क्रमांकाच्या प्रश्नाला कमी तीव्रतेची उत्तरं देणाऱ्या उरलेल्या १६ जणांनाही त्यांनीच दोन दिवसांत फोन केले.

इथे एक विचित्र गाठ होती, आणि ती मला अजून सुटलेली नाही. आम्ही या मुलांपर्यंत पोहोचू शकलो ते रोल नंबर होते म्हणून. फॉर्म निनावी असता तर खासगीपणा राखला गेला असता, पण त्या तिघांचं काय चाललंय हे कधीच कळलं नसतं. जी चूक होती, तिच्याच आधाराने आम्ही मदत केली.

पहिल्या मुलाने हसत सांगितलं, “मॅडम, मी कसंही टिक केलं. बस सुटत होती.” दुसरा दोन दिवस फोन उचलेना. ते दोन दिवस कसे गेले ते समुपदेशक बाईंनाच ठाऊक. तो जुन्नरकडे गावी गेला होता, रेंज नव्हती. भेटल्यावर बोलला, आणि बोलण्यासारखं बरंच होतं. तिसरी मुलगी फोनवर आधी गप्प राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, हे कुणी वाचत नसतं.” आणि लगेच पुढचा प्रश्न: “सरांना कळलं का?”

खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. बाईंनी ‘हो’ म्हटलं.

समोरचे पर्याय

तिघांची सोय लागल्यावर प्रश्न उरला तो २१४ उत्तरांचा. आम्ही शनिवारी वाशीत बसलो.

कमिटीची रचना सांगते, कारण तिचा उपयोग झाला. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) तत्त्वांप्रमाणे सात ते पंधरा सदस्य, अध्यक्ष बाहेरचा, त्यात वकील, समाजशास्त्राचं कुणीतरी आणि एक सर्वसामान्य नागरिक. आमच्याकडे ती जागा नेरूळला खानावळ चालवणाऱ्या एका काकूंकडे होती. डॉक्टर मंडळी सुरुवातीला त्यांच्याशी जरा समजावणीच्या सुरात बोलत. नंतर तो सूर गेला.

त्याआधी एक उपद्व्याप निस्तरावा लागला. सरांच्या गाइडनी सुचवलं होतं की कमिटीने मागची तारीख टाकून मंजुरीचं पत्र द्यावं, म्हणजे जर्नलला मंजुरीचा क्रमांक देता येईल. अध्यक्षांनी ते एका वाक्यात नाकारलं. मंजुरी कामाआधीच असते.

पहिला पर्याय वकिलांचा: सगळ्यांना आता रीतसर संमतिपत्र पाठवा, सही करतील त्यांची उत्तरं ठेवा, बाकीची पुसा. कागदावर छान दिसत होतं. मीही जवळजवळ मान डोलावली होती. काकू म्हणाल्या, “सर तेच, पोरं तीच, परीक्षा व्हायचीय. माझ्याकडे महिन्याचे पैसे भरलेली पोरं दुसरी पोळी मागायला लाजतात. ती सरांना नाही म्हणतील?”

मला माझंच एम.फिल. आठवलं. मी माझ्याच वर्गात प्रश्नावली वाटली होती, एकानेही नकार दिला नाही आणि प्रबंधात ‘शंभर टक्के प्रतिसाद’ असं मी अभिमानाने लिहिलं होतं. परीक्षकांनीही वाहवा केली होती.

हे काही नवं शहाणपण नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांमध्ये उतरंडीत खाली असल्यामुळे ज्यांना नकार देणं अवघड जातं, अशांमध्ये कर्मचारी, सैनिक आणि कैदी यांच्याबरोबर विद्यार्थी आहेतच. वैद्यकीय संशोधनातल्या नीतीचा आंतरराष्ट्रीय हेलसिंकी जाहीरनामाही सांगतो की सहभागी माणूस संशोधक डॉक्टरवर अवलंबून असेल, तर संमती त्या नात्याबाहेरच्या कुणीतरी घ्यावी. तिथे डॉक्टर आणि रुग्ण आहेत, इथे सर आणि विद्यार्थी. बाकी फरक काय?

दुसरा पर्याय, फक्त सरांच्या वर्गांची उत्तरं काढायची आणि सहकाऱ्यांच्या वर्गांची ठेवायची. पण तिथेही शिक्षकांनीच लिंक दिली होती, आणि न भरलेल्यांची यादी दोन ग्रुपवर फिरली होती.

तिसरा, सगळंच पुसायचं. चौथा समुपदेशक बाईंचा: उत्तरं कुलूपबंद ठेवू, निकाल लागून मुलं सरांच्या हाताखालून गेली की बाहेरचं कुणीतरी त्यांना विचारेल, तुमचं उत्तर वापरायचं का? यावर आम्ही दहा मिनिटंही घालवली नाहीत. वेळ लागेल, गुंतागुंत होईल, तोवर ती नावानिशी उत्तरं कोण सांभाळणार, असं म्हणून पुढे गेलो.

काय केलं

तिसरा पर्याय निवडला. ३१ अल्पवयीनांची उत्तरं ठेवणं कुठल्याच वाटेने शक्य नव्हतं, आणि २७ जणांनी सगळ्या प्रश्नांना एकाच रांगेतला पर्याय ठोकला होता. दबावाखाली भरलेल्या फॉर्मांत असा कचरा असतोच. सरांच्या जीमेलमधली शीट, लॅपटॉपवरची प्रत आणि गाइडना पाठवलेली प्रत, तिन्ही पुसल्याचं लेखी घेतलं. सरांनी वर्गात जाऊन सांगितलं की फॉर्म रद्द झाला, गुणांशी त्याचा संबंध नव्हता आणि नसेल, आणि पद्धत चुकीची होती. प्राचार्यांना हा शेवटचा भाग नको होता. सरांनी तो तरीही म्हटला.

मग नव्याने सुरुवात. सरांचं स्वतःचं कॉलेज वगळून तीन कॉलेजं. कॅन्टीन आणि लायब्ररीच्या बाहेर क्यूआर कोड असलेलं पोस्टर, वर्गात एक शब्दही नाही. माहिती द्यायला एक एम.ए. झालेली मुलगी, जिच्या हातात कुणाचेही गुण नाहीत. अठरा पूर्ण असतील तरच. नाव नाही, रोल नंबर नाही. मधेच सोडलं तर काहीच जमा होत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो नवव्या प्रश्नावर. पीएचक्यू-८ नावाची आवृत्ती आहे. तीत तो प्रश्न गाळलेला असतो आणि जिथे लगेच पाठपुरावा करता येत नाही अशा सर्वेक्षणांत ती वापरतात. निनावी फॉर्मात तेच बरं, असं डॉक्टरांचं म्हणणं. समुपदेशक बाई चिडल्या. “विचारलं नाही म्हणजे ते नाहीसं होतं का?” त्यांचं म्हणणं होतं की प्रश्न ठेवा आणि ‘हो’ म्हणणाऱ्याच्या पडद्यावर तिथल्या तिथे मदतीचा नंबर येऊ द्या. बहुमताने पीएचक्यू-८ ठरली आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक पानावर गेला. बाईंचा विरोध इतिवृत्तात नोंदवला आहे. मी बहुमताबरोबर होते. आज कुठे असेन, सांगता येत नाही.

काय झालं

सहा आठवड्यांत ९६ उत्तरं आली. पहिल्या वेळी एका आठवड्यात २१४ आली होती. या ९६ जणांत मुली जास्त, आणि मोबाइलचा आपल्याला त्रास होतो असं आधीच वाटणारे जास्त. म्हणजे मोकळेपणाने आलेल्यांचाही नमुना वाकडाच, फक्त वेगळ्या बाजूला. सरांनी ते प्रबंधात स्पष्ट लिहिलं आणि मूळची मोठी विधानं आवरती घेतली. प्रबंधाला एक सत्र उशीर झाला. गाइड बरेच दिवस नीट बोलत नव्हते.

झोपेच्या प्रश्नावलीला सरांनी एक प्रश्न जोडला: ‘रात्री किंवा पहाटे काम करता का?’ तो तुर्भ्याच्या मुलामुळे सुचला होता.

जुन्नरच्या मुलाने समुपदेशन काही महिने चालू ठेवलं. त्या मुलीने दोन भेटींनंतर सोडलं. ती सरांच्या लेक्चरला बसेना. पुढच्या सत्रात तिने सरांचा विषयच बदलला. मार्कांचं काही नव्हतं, तिने समुपदेशक बाईंना सांगितलं, सरांकडे बघितलं की आपण काय लिहिलं ते आठवतं. सर पूर्वी तिच्या घरच्या अडचणींत मदत करत. तेही थांबलं.

आता वेगळं काय केलं असतं

रोल नंबर, हजेरी, सी.आर.ची यादी हे सगळं टाळता आलं असतं, ते वर आलंच आहे. मला टोचतं ते आमच्या शनिवारचं.

त्या बैठकीत आम्ही नऊ जण होतो, आणि विद्यार्थी एकही नव्हता. मुलांना ‘नाही’ म्हणता येत नाही यावर आम्ही दोन तास तळमळीने बोललो आणि मग त्यांच्या उत्तरांचं काय करायचं ते त्यांना न विचारता ठरवून टाकलं. ती मुलगी पुढे समुपदेशक बाईंना म्हणाली होती, “मी खरं लिहिलं होतं, ते पण पुसलं का?” तिचं ते खरं कुठेतरी उपयोगी पडावं असं तिला वाटत असेल, हा विचार आमच्यापैकी एकालाही शिवला नाही. चौथा पर्याय किचकट होता, पण त्यात निदान तिला विचारलं गेलं असतं. अल्पवयीनांची उत्तरं पुसून, बाकीची पाकीटबंद करून समुपदेशक बाईंकडे ठेवता आली असती. मे महिन्यापर्यंतचाच प्रश्न होता.

दुसरं, शीट उघडायला अकरा दिवस. असा प्रश्न विचारायचा असेल तर उत्तर त्याच दिवशी कोण वाचणार, त्याचं नाव आणि फोन प्रस्तावातच हवा. आम्ही आता तो मागतो. माणूस नसेल तर प्रश्नही नाही.

आणि एक गोष्ट अर्धवटच राहिली. त्या कॉलेजाने प्राध्यापकांच्या संशोधनासाठी नियम केले. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांना ते लागू नाहीत. फेब्रुवारी उजाडला की टी.वाय.ची मुलं एफ.वाय.च्या ग्रुपवर लिंका टाकायला लागतात: ताण, शरीराबद्दलची लाज, घरातली मारहाण, काहीही. ‘प्लीज फिल करा, उद्या सबमिशन आहे.’ एका मुलाने मला मोजून दाखवलं, एका आठवड्यात सात लिंका. त्यांतल्या चार फॉर्मांत रोल नंबरपुढे लाल स्टार होता.